हर्षदची पकड

निडी गावचा धनेश कबड्डीत चढाईला उतरला की समोरचे गडी नकळत मागे सरायचे. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून तो थेट मैदान गाठायचा. गेलं वर्षभर मात्र सकाळी त्याची बोटं वळत नसत. मनगटं सुजून गरम व्हायची, शर्टाची बटणं बायकोला, प्रतिक्षाला लावावी लागायची.

"डॉक्टरला दाखवा की," ती म्हणायची.

"खेळणाऱ्याला दुखायचंच," म्हणत तो गोळी गिळायचा, पट्टी आवळायचा आणि निघायचा.

पेणजवळ खाडीकाठच्या एका गावात सामना होता. धनेश चढाईत खोल शिरला आणि समोरच्या संघातल्या, मिठागरावर राबणाऱ्या हर्षदनं त्याचं मनगट धरलं. धनेशनं हिसडा दिला. कडकन आवाज झाला. पंजा वाकडा होऊन लोंबायला लागला.

"मुद्दाम मोडला हात!" धनेशचा थोरला भाऊ सुजय ओरडत मैदानात घुसला. मंडपाचा लोखंडी पाइप त्यानं उपसून आणला होता. पहिला घाव हर्षदच्या खांद्यावर पडला, दुसरा जबड्यावर. हर्षद तोंड धरून खाली कोसळला, रक्ताबरोबर दोन दात मातीत पडले. मग दोन्ही गावं एकमेकांवर तुटून पडली. खुर्च्या डोक्यात फुटल्या, दगड सुटले, कुणाचा कान फाटला. धनेश कळवळत पडला होता. तरी हर्षदला तुडवताना बघून त्याच्या मनात आलं, हाणा, अजून हाणा.

पेणच्या डॉक्टर रोहिणींनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. मग त्यांनी विचारलं, "सांधे कधीपासून सुजतायत?"

"वर्ष झालं. पण हे त्या हर्षदनं मोडलं."

"हाडाच्या कडा बघा, कुरतडल्यासारख्या. हे एका झटक्याचं काम नाही." रक्ताच्या तपासण्या आल्यावर त्यांनी समजावलं. हा आमवात होता. रोगाशी लढणारे शरीराचे पहारेकरी आपल्याच सांध्यांवर चालून आले होते. तिथून टीएनएफ, इंटरल्युकिन असे रासायनिक निरोप सुटतात. त्या निरोपांनी हाड झिजवणाऱ्या पेशी वाढतात, चेकाळतात, आणि हाड बांधणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. वरून दिसते ती नुसती सूज, आत हाड पोखरत जातं.

"मग हर्षदनं...?"

"त्यानं नुसतं धरलं. हे आज ना उद्या मोडणारच होतं."

प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून धनेश हर्षदच्या दारात गेला. हर्षदचा जबडा तारांनी बांधलेला, नळीनं पेज चाललेली. धनेशनं सगळं सांगितलं. हर्षदची आई धोंडुबाई ऐकत राहिली, मग उठून तिनं त्याच्या तोंडात भडकावली.

"माज्या पोराचा जबरा फोरला, आन आता सांगतंस त्याची चूक नव्हती म्हणून?"

दुसरी थप्पडही त्यानं खाल्ली. हर्षद भिंतीकडे तोंड फिरवून पडून राहिला.

तिथून धनेश पोलिसांकडे गेला आणि जबाब दिला. हात आजारानं पोखरला होता, हर्षदनं दगा केला नव्हता, पाइप सुजयनं मारला. सुजयला कळलं तेव्हा त्यानं धनेशला अंगणात लोळवलं, छातीवर बसून गळा आवळला. "भावाला आत घालतोस? तुज्यासाठी मारला मी त्याला!"

"माज्यासाठी नाय," धनेश घुसमटत म्हणाला, "तुला त्याला मारायचाच व्हता."

प्रतिक्षानं मुसळ उगारलं तेव्हा कुठे सुजयचे हात सुटले.

आता सुजयची केस पेणच्या कोर्टात चालू आहे. भाऊ भावाशी बोलत नाही. धनेश दर आठवड्याला औषध घेतो. सूज उतरली आहे, बटणं तो स्वतः लावतो. पोखरलेलं हाड काही भरून आलं नाही, त्यामुळे चढाई कायमची संपली. हर्षद पुन्हा खेळतो. परवा नागोठण्यात सामना होता. धनेश दोरीबाहेर उभा होता. हर्षदनं त्याला पाहिलं, ओळखलं, आणि पुढच्याच चढाईत आलेल्या गड्याला उचलून आपटलं आणि पुन्हा धनेशकडे पाहिलं.