डबी आणि दुर्बीण

मूत्राशयाचा कर्करोग परतला आहे की नाही, हे केवळ लघवी तपासून कळू शकते का? हा प्रश्न मी हाती घेतला तो साडभाऊंच्या हेव्यापोटी, हे आधीच सांगितलेले बरे.

आम्ही दोघे दवनीवाड्याच्या एकाच घरचे जावई. तिथे जावयांची तुलना पानावर बसल्यापासून सुरू होते: कोणाला आधी वाढले, कोणाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान जास्त झाले. पुढे आजारही एकच निघाला. दोघांचीही गाठ काढली. त्यानंतर मला दर तीन महिन्यांनी नागपूरला दुर्बीण, म्हणजे मूत्रमार्गातून बारीक नळी घालून मूत्राशय आतून पाहणे. साडभाऊ मात्र डबीत लघवी देत. तिच्यात कर्करोगाच्या पेशी आहेत का, एवढेच प्रयोगशाळा पाही.

एका पंगतीत ते सगळ्यांदेखत म्हणाले, "काऊन गुरुजी, अजून नळीच घालून राहिले का तुमाले? आपली तं डबी भरली का छुट्टी!"

सासूबाईही हसल्या.

पुढच्या खेपेस मी हट्टाने गोंदियातच लघवी तपासून घेतली. अहवाल स्वच्छ आला. तो मी सासुरवाडीला फोनवर वाचून दाखवला, सावकाश, दोनदा. मग नागपूरला डॉक्टरांपुढे ठेवला.

"आता दुर्बीण नको," मी म्हणालो.

"गुरुजी, गाठीतून पेशी सुटल्या तर लघवीत सापडतील. नाहीच सुटल्या तर? चला, झोपा टेबलावर."

दुर्बिणीत लहानशी नवी गाठ दिसली. वेळेत दिसली, म्हणून लहान असतानाच काढता आली.

साडभाऊ भेटायला आले. खोलीत दुसरे कोणी नाही असे पाहून हळूच म्हणाले, "सालातून एकदा मलेही नळी घालतेत, भाऊ. माही गाठ सौम्य होती, म्हणून घडीघडी नाही. पण घरी सांगू नका."

"मागच्या वेळी काय दिसले?"

"काही नाही. साफ."

त्या 'साफ'चा हेवा मला आजही वाटतो. तो लपवून उपयोग नाही.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे मिळाले: लघवीची तपासणी दुर्बिणीला मदत करते, पण लघवी स्वच्छ आली म्हणून दुर्बीण टाळता येतेच असे नाही. कोणाला काय आणि किती दिवसांनी, हे गाठीच्या प्रकारावर ठरते. मात्र हे माझ्या शब्दावर मानू नका. आपले कागद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि स्वतः पडताळून पाहा.