पुढे न पळवलेलं रेकॉर्डिंग

आमच्या प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या त्या नालवाडीच्या मुलीचं रेकॉर्डिंग पाहिलं मी. सरळसरळ कॉपीची केस आहे." मी आधी भडकले आणि मग घाबरले. भडकले, कारण ते रेकॉर्डिंग त्यांनी पाहायचंच नव्हतं. घाबरले, कारण ते त्यांच्या हाती लागलं ते माझ्याच हलगर्जीपणामुळे.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे दरवर्षी नवी नेमणूक आणि दरवर्षी नव्यानं नमस्कार. बीएच्या पहिल्या वर्षाला इंटरनेटवर माहिती शोधून चार पानांचा प्रकल्प लिहायचा असतो. "स्वतःच्या शब्दांत लिहा" असं लाल पेनानं लिहून लिहून मी कंटाळले होते. पोरगं कुठे अडलं, काय शोधलं, कुठे भरकटलं, हे त्या चार पानांत दिसतच नाही. म्हणून मी लॅबमध्ये मुलांच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. तासाभरात जे शोधलं, उघडलं, खोडलं, ते सगळं त्यात यायचं. शनिवारी एकेकानं माझ्याशेजारी बसून स्वतःचं रेकॉर्डिंग पाहायचं आणि सांगायचं की इथं मी हे का केलं. मग मी माझं मत सांगायची, मूल त्यावर अर्धं पान लिहायचं आणि स्वतःच्या हातानं रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. तिसरं कुणी ते बघणार नाही, असा शब्द मी दिला होता.

आमचा एकच कडक नियम होता. रेकॉर्डिंग पुढे पळवायचं नाही. काहीच घडत नसलं तरी बसून बघायचं, कारण बहुतेक वेळा अडचण तिथेच असते. पहिल्या दिवशी मी वर्गाला माझंच रेकॉर्डिंग दाखवलं. त्यात मी लेख शोधता शोधता साड्यांच्या दुकानात शिरले होते आणि दहा मिनिटं परतलेच नव्हते. पोरं पोट धरून हसली. त्यानंतर स्वतःचं दाखवायला कुणी लाजलं नाही.

आणि मग मी माती खाल्ली. एरवी रेकॉर्डिंग्ज माझ्या पेन ड्राइव्हमध्ये असायची; त्यात व्हायरस शिरला म्हणून त्या आठवड्याची रेकॉर्डिंग्ज मी लॅबच्याच संगणकावर ठेवली, वर प्रत्येकाच्या नावासकट. शुक्रवारी प्राचार्य लॅब तपासायला आले. त्या मुलीचं रेकॉर्डिंग आम्ही दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बघणार होतो. तिनं स्वतः पाहायच्या आधी त्यांनी पाहिलं, याची चीड मला अजून येते.

केबिनमध्ये त्यांच्या हातात एक कागद होता. त्यावर रेकॉर्डिंगमधल्या आठ जागा मिनिट-सेकंदांसह लिहिल्या होत्या. आठ ठिकाणी तिनं मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला होता.

"सगळं पाहिलंत?" मी विचारलं.

"दुप्पट वेगानं पाहिलं. इतका वेळ कुणाजवळ आहे, मॅडम?"

केस झाली असती तर तिचं वर्ष गेलं असतं आणि कॉपीचा शिक्का कायमचा बसला असता. मी म्हटलं, "सर, हा पुरावा नाही. ही तिची कच्ची वही आहे आणि ती तुम्ही न विचारता उघडली." ते म्हणाले, "पुढच्या वर्षीचे तुमचे तास मी ठरवतो, हे लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "ठरवा. पण केस करायची तर आधी तिच्यासमोर हे रेकॉर्डिंग लावा. साध्या वेगानं. आणि बोलेल ती." माझा आवाज बाहेर क्लार्कपर्यंत गेला असणार. जाऊ दे.

मुलीला मी खरं ते सांगितलं. चूक माझी आहे, तू म्हणशील तर आत्ता पुसते. ती फार बोलणारी नव्हती. प्रश्न विचारला तर आधी वहीत लिहून मग उत्तर देणारी. वहीत दोन शब्द लिहून म्हणाली, "पुसलं तर ते म्हणतीन लपवलं. आन् मले पाहायचं हाये, मॅडम. मी तवा काय केलं ते मलेच नीट आठवत नाई."

प्राचार्य तयार झाले. सोमवारी त्यांच्या केबिनमध्ये तिच्या वडिलांनाही बोलावलं होतं. ते एसटी डेपोत मेकॅनिक, कामावरून तसेच आलेले. खुर्ची मळेल म्हणून टोकावर बसले. मुलीनं माउस हातात घेतला.

तिचा विषय होता आमच्याच जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवरचा दर्गा आणि तिथे येणारी सगळ्या धर्मांची माणसं. जुनी माहिती इंग्रजीत होती. पहिला मजकूर उचलला गेला तेव्हा तिनं थांबवलं. "हे मी भाषांतराच्या पानावर टाकलं सर, मराठीत वाचाले." मग पडद्यावर काहीच हलेना. एका ओळीखाली कर्सर लुकलुकत राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. प्राचार्यांनी माउसकडे हात नेला.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "मी इथं वाचून राह्यली होती."

तिचे वडील हळूच म्हणाले, "एका ओळीले इतका वेळ लागते का बेटा?"

"लागते बाबा."

पुढे तिनं स्वतःची एक ओळ टाइप केली, खोडली, पुन्हा केली. असं आठही वेळा झालं. तिची कच्ची वही अशी सगळ्यांसमोर उघडी पडलेली बघून मला त्या खोलीत बसवेना, आणि तिचा अभिमानही वाटत होता. प्राचार्य प्रत्येक जागेला कागदाकडे बघत होते.

शेवटाकडे आल्यावर कुणी न विचारताच तिनं रेकॉर्डिंग थांबवलं. पडद्यावर ती दोन पानं आलटून पालटून उघडत भराभर टाइप करत होती.

"इथं मी चोरी केली," ती म्हणाली. "तास संपून राह्यला होता. हा परिच्छेद एका मराठी पानावरून पाहू पाहू जसाच्या तसा लिवला."

वडिलांनी मान खाली घातली. प्राचार्य सरसावून बसले. "म्हणजे कॉपी केलीच ना?"

"केली सर. एक परिच्छेद. तो मी आज पुन्हा लिहीन," ती म्हणाली. तिनं नजर हलवली नाही. "पण तुमच्या कागदावर आठ जागा हायेत, आन् त्यात ही नाई."

प्राचार्यांनी कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला, त्याची घडी केली आणि म्हणाले, "तो परिच्छेद आजच लिहून दे." केस झाली नाही.