कोटाला चौबगला

पनवेलच्या बाजारात कोट शिवावा तर दयारामने, असं लोक म्हणत. सगळ्यांत मोठ्यांदा दयारामच. बाप त्याचा सदरे आणि बंड्या शिवून मेला. दयाराम मुंबईला जाऊन साहेबी कटिंग शिकून आला आणि तेव्हापासून बापाच्या कामाचं नाव निघालं की याचं नाक वर. हात मोकळा फिरावा म्हणून बाप सदऱ्याच्या काखेत चौकोनी तुकडा जोडायचा, त्या चौबगल्याला तर दयाराम सरळ ठिगळ म्हणायचा.

चोपन्न साली जवळच्या ओवे गावचा तुळशीराम काळं कापड घेऊन त्याच्याकडे आला. मिठागरावर राबणाऱ्या घरातला पहिला शिकलेला, नुकताच मास्तर म्हणून लागलेला. महिन्याभरात शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे होते. कापड कमी होतं. हातात घेतल्याबरोबर दयारामला ते कळलं. ‘दुसरं आणा’ एवढंच म्हणायचं होतं, पण तसं म्हणेल तो दयाराम कसला! “बसवतो की!” म्हणाला, आणि बसवला. शिवणींच्या आत बोटभर कापड जास्तीचं ठेवायचं असतं, शिंपी त्याला माया म्हणतात. ती माया त्याने ठेवलीच नाही.

कोट चढवून तुळशीरामने फळ्यावर लिहावं तसा हात वर केला, तर काखेत काचलं आणि सगळा कोटच वर चढला.

“मुंढा जरा खोल करतो,” दयाराम म्हणाला. केला. पुढच्या आठवड्यात आणखी खोल केला. बाही जोडायचा हा मुंढा काखेत जितका खाली नेला तितकी बाही हाताला जखडायला लागली. हे त्याला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण शिवण उसवून सैल करायला आत होतं काय?

“कोट बरोबर आहे, मास्तर,” तो शेवटी म्हणाला. “हात तुमचे मिठागरातले. दंड हे असे! त्याला मी काय करू?”

तुळशीराम ओशाळं हसला.

मंगळवारी तो कोट घालून बघायला तिसऱ्यांदा आला. दिपोटी शुक्रवारी येणार होते. त्याने कोट अंगात घातलासुद्धा नाही. “राहू द्या, काका. तुमचंच खरं हाय. आमच्या हातांना कोट नाय बसायचा. सदऱ्यावरच उभा राहतो.” कोट तिथेच ठेवून तो पायऱ्या उतरला.

दयारामची बायको हौसा काजं करत बसली होती. “कापताना मी समोर होते हं,” ती म्हणाली. “माया सगळी तुमच्या कात्रीने खाल्ली, आणि खापर त्याच्या दंडांवर?”

“गप बैस.”

“बसते. मामंजी असते तर चौबगला घालून मोकळे झाले असते.”

“कोटाला चौबगला? लोक हसतील!”

“काखेत कोण डोकावतंय? तुम्हीच!”

दयाराम सुई टाकून उठला. तुळशीरामला त्याने नाक्यावर गाठलं. “मास्तर, परवा या. आणि हे बघा... हात तुमचे चांगले आहेत. कापड कमी होतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

त्याला वाटलं होतं, पोरगा सुटल्यासारखा हसेल. तुळशीरामचा चेहरा काळाठिक्कर पडला. “मंग बोल्लात का नाय? तीनदा चालत आलो मी ओव्याशून. घरी दिव्याखाली हात बघत बसायचो!”

दयाराम तसाच दुकानात परतला.

त्याने कॉलर उसवली, तिच्या खालच्या बाजूचं कापड काढलं, तिथे दुसरं काळं लावलं आणि निघालेल्या कापडातून चार बोटांचे दोन चौकोन कापले. बापाचा हात आठवून आठवून, तीनदा उसवून, एकेक चौबगला बसवला. गुरुवारी तुळशीरामने हात सरळ वर नेला. कोट जागचा हलला नाही.

“आता लिहा आढ्यापर्यंत!” हौसा म्हणाली.

तो हसला नाही. कोटाची घडी घातली, “येतो, काकी,” म्हणाला आणि दयारामकडे न बघता गेला. शुक्रवारी कोट घातला की नाही हे विचारायचं तोंड दयारामला नव्हतं. त्या वर्षी ओव्याचं कुणी पायरी चढलं नाही.

पुढे कापड कमी दिसलं की तो पहिल्याच झटक्यात परत द्यायचा. काशिराम वाण्याचं दिलं, तर वाण्याने त्याच कापडाचा कोट शेजारच्या शिंप्याकडून शिवून घेतला आणि रोज दुकानासमोरून मिरवायला लागला.

“बसला असता की हो!” हौसा चडफडली.

“बसला असता,” दयाराम म्हणाला आणि मशीन चालू केलं.