हरभरा, ज्वारी, मोहरी

न गळणारी वस्तू देवाने जगात केलीच नाही, आणि चुकून केली असेल तर ती अजून माझ्या नंदोयांच्या हाती लागलेली नाही. चोपड्याला त्यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. कापसावर औषध मारायला पाठीवर बांधतात तो पंप. तो गळला तर औषध माणसाच्या अंगात मुरतं, आणि असं मुरलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी खांदा दिलेला आहे. त्यामुळे हौदात बुडवून बघितल्याशिवाय ते पंप परत देत नाहीत. टाकीत हवा भरायची, पाण्याखाली दाबून धरायची आणि बुडबुडे बघायचे. बुडबुड्यांची मापं त्यांची स्वतःची: हरभरा, ज्वारी, मोहरी. हरभरा म्हणजे टाकी भंगारात, मोहरी म्हणजे वायसर बदलून भागेल. त्याहून बारीक गळती असली तर पाण्याने भरलेला काचेचा ग्लास त्या जागेवर उपडा धरायचा, चहा सांगायचा, आणि चहा येईपर्यंत ग्लासात किती हवा जमते ते बघायचं. चहावाला रेंगाळला की बरा पंपही नापास.

एकदा घाईतल्या एका गिऱ्हाइकाने आपणच पंप हौदात दाबला आणि ओरडला, "भाऊ, एक बी बुडबुडा नही शे! बठ्ठं बरोबर शे. दे आते मना पंप!" नंदोयांनी टाकी वर काढली. हवा भरलेलीच नव्हती. "मझार हवाच नही, तं बुडबुडा कोठून ई?" ते म्हणाले. पाणी शांत आहे म्हणजे गळती थांबली असं नाही, आधी आत हवा आहे का ते बघायचं, हा त्यांचा पहिला नियम. तो त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवला आहे की माझ्या मुलीने लहानपणी तो पाढ्यांच्या शेवटी म्हणून दाखवला होता.

आमच्या घरी आले की चहाच्या आधी कुकरची शिटी, लोणच्याच्या बरणीचं झाकण, दुधाची पिशवी, सगळ्यांची तपासणी. माझा जेवणाचा डबा तर ते स्वतःच्या मांडीवर उलटा धरून बघायचे; पँटवर वरणाचे डाग पडले तरी समाधान वाटायचं, गळती सापडली म्हणून. एका लग्नात आहेरात आलेला पाण्याचा जग त्यांनी हात धुवायच्या बादलीत बुडवला आणि देणाऱ्याच्या तोंडावर निकाल सांगितला, "हरभरा." ते पाहुणे अजून आमच्याशी बोलत नाहीत. "मला बघायला आले तेव्हा बादलीत नाही बुडवलं, एवढे उपकार," असं माझी नणंद म्हणायची.

नणंदेला मागे क्षयरोग होऊन गेला होता. यंदा थंडीत तिच्या फुफ्फुसाला भोक पडलं. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीत नळी घातली आणि तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवून ठेवलं. फुफ्फुसातून गळलेली हवा त्या पाण्यातून बुडबुडे होऊन निघायची. "बुडबुडे थांबले की भोक बुजलं समजा, मग नळी काढू," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या फुफ्फुसाचंही काही खरं नाही, हेही त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं. नंदोयांनी पहिलं तेवढं ऐकलं.

"वहिनी, हे तर माझंच काम," असं म्हणून ते खाटेला पाठ टेकून फरशीवर बसले आणि बाटली बघू लागले. चहा पिणं, पेपर वाचणं, सगळं तिथेच. पहिल्या दिवशी नातेवाइकांना फोन गेले, "हरभरा आहे." पुढच्या आठवड्यात, "ज्वारीवर आली." फोनवरच्या लोकांना आधी धान्याचा भाव वाटायचा. मग मोहरी सुरू झाली आणि त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना केळी वाटली. नणंद दम खात म्हणाली, "अहो, बाटलीचं तोंड बघताय, जरा माझंही बघा."

"तू बरी हो, मग बघतो," ते म्हणाले. नजर बाटलीवरच.

एका दुपारी मी डबा घेऊन वॉर्डात शिरले, तर ते फरशीवरूनच हात हलवून हाका मारत होते. "वहिनी, बंद! मोहरीसुद्धा नाही! बघा, पाणी कसं आरशासारखं!" पाणी खरंच हलत नव्हतं. मी खाटेवर बघितलं. तिचा हात चादरीबाहेर आला होता, तोंड उघडं होतं, आणि छाती हलत नव्हती. मी सिस्टरला हाक मारली. सिस्टर धावत आली, मागून डॉक्टर आले. ती दोघं बाजूला होईपर्यंत नंदोई बाटलीपाशीच बसून होते. पहिला नियम त्यांना आठवला, ते मी पाहिलं. त्यांनी मान वळवली आणि खूप दिवसांनी तिच्या तोंडाकडे बघितलं.

दुकान चालू आहे. पंप अजून हौदात बुडतात, गिऱ्हाइकं अजून वैतागतात. पण आमच्याकडे आले की ते आता कुकरकडे जात नाहीत. दारातच थांबतात, माझा चेहरा नीट निरखतात आणि विचारतात, "वहिनी, बरं आहे ना?" मला हे सोसत नाही. मी स्वयंपाकघरातून वरणाने भरलेला डबा आणते, त्यांच्या मांडीवर उलटा धरते आणि म्हणते, "भाऊजी, बघा बरं, गळतोय का."