जसोदाभाभीच्या हॉलमधला वास

ब्राह्मणपुरीत आमची आणि बन्सीलालभाऊंची भिंत एकच आहे. त्यामुळे त्यांच्याकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं आणि काय फुटतंय ते आवाजावरून. भाऊंचा हात फार चालतो. त्यांनी बैलांना मारलं, विहिरीवरच्या मोटारीला लाथा घातल्या, आणि पोराच्या, हेमकांतच्या, कानाखाली अशी वाजवली की त्याला आजही डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पोरगा सुरतेला नोकरीला गेला, बैल विकून ट्रॅक्टर आला, आणि मारायला घरात बायको तेवढी उरली. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. असा माणूस मला कोणी एकदा दाखवावा.

जसोदाभाभी ही त्यांची बायको. ठेंगणी, हसरी, साठीला टेकलेली. गालावर वळ घेऊन नळावर यायची आणि कोणी विचारायच्या आधीच सांगायची, "मोरीम्हा पाय सरकना." हे वाक्य आमच्या सगळ्या गल्लीला पाठ होतं. मला त्याची चीड यायची. पण खोटं बोलताना तिचा चेहरा इतका साधा असायचा की पुढे विचारायची सोयच राहायची नाही.

गेल्या दिवाळीत हेमकांत चिकूला घेऊन आला. पांढरं, झुबकेदार शेपटीचं कुत्रं. सुरतेच्या सोसायटीत तक्रारी झाल्या म्हणून त्याने ते आईच्या गळ्यात मारलं. आईने मात्र ते मनापासून गळ्यात घालून घेतलं. भाभी गोठ्यात गेली की चिकू गोठ्यात, भाभी चुलीपाशी बसली की चिकू चुलीपाशी. भिंतीपलीकडून मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या गप्पा ऐकू यायला लागल्या. "खाय रे राजा, आज कढी करेल शे," असं ती म्हणायची, आणि मला इकडे काम करता करता बरं वाटायचं.

मग चिकू हॉलमध्ये मुतायला लागला. नव्या सोफ्याचा पाय, टीव्हीखालचा कोपरा, पडद्याची कड, अशा त्याच्या ठरलेल्या जागा. भाऊंनी पहिल्या दिवशी चप्पल फेकली, दुसऱ्या दिवशी पट्टा काढला. त्याच सुमारास गावात कथेसाठी महाराज यायचे ठरले आणि आमच्या गल्लीतून पधरामणीचा, म्हणजे त्यांना घरी बोलावण्याचा, मान भाऊंना मिळाला. महाराजांची पावलं रविवारी त्या हॉलमध्ये पडणार होती. भाऊंनी कुऱ्हाडीचा दांडा काढून दाराशी उभा केला आणि भाभीला माझ्या देखत सांगितलं, "महाराज येवाना पहिले वास गया नही, तर या कुत्राले दांडाघाई ठार करसू."

ते पोकळ धमक्या देत नाहीत. भाभीलाही ते माहीत होतं. चिकूला पोटाशी धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "वास जाई."

त्या आठवड्यात तिने काय काय केलं ते मी पाहिलं. आधी फिनेल ओतलं. दोन्ही वास मिळून असं काही झालं की माझेच डोळे झोंबले. मग सुरतेहून नातीने, रुचिकाने, फोनवर सांगितलं की पुसण्याआधी जुन्या कापडाने सगळं टिपून घे, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, ते सुकलं की वर खाण्याचा सोडा. भाभीने शहाद्याहून व्हिनेगर मागवलं. सोफ्याचे अभ्रे उसवले, आतला फोम गच्चीवर उन्हात टाकला, पडदे धुतले, फरशीच्या फटी दातांच्या ब्रशने घासल्या. दुपारी वास गेलेला असायचा. दुसऱ्या दिवशी त्याच जागा परत ओल्या. मग दांडा नाही तरी लाथ बसायची आणि चिकूचं केकाटणं भिंतीतून इकडे यायचं. मी इकडे रागाने लाटणं पोळपाटावर आपटायची.

एका सकाळी भाभी धावतच माझ्याकडे आली. "समजनं वं मले. कुत्रं गायना मूतवर मूती ऱ्हायनं."

भाऊ रोज आंघोळ झाली की तांब्यात गोमूत्र घेऊन हॉल शुद्ध करायचे. कुत्र्याने बाटवलेल्या जागांवर तर हटकून दोन थेंब जास्त. चिकू मागोमाग जायचा, हुंगायचा, दुसऱ्या जनावराचा वास लागला की आपला वर ठेवायचा. भाऊ जितकं शुद्ध करत तितकं कुत्रं मुतत होतं, आणि जितकं ते मुतत होतं तितकं भाऊ शुद्ध करत होते. गोमूत्राला मी नावं ठेवत नाही, आमच्याही देवघरात आहे. अक्कल मात्र शिंपडून येत नाही.

भाभीने नवऱ्याला हे जमेल तितक्या नरमाईने सांगितलं. त्यांनी तोच तांब्या तिच्या कपाळावर मारला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. तिने पदराने ते पुसलं आणि दुसऱ्या दिवसापासून तांब्यात हळदीचं पाणी भरून ठेवायला लागली. भाऊ मोठ्या भक्तीने हळदीचं पाणी शिंपडत राहिले. हॉल कोरडा राहिला. शनिवारी मी आत जाऊन लांब श्वास घेतला, नुसता धुतलेल्या पडद्यांचा वास होता. भाभी इतकी हसली की कपाळाची जखम परत उघडली.

रविवारी भाऊंनी घोटाळा केला. महाराज येणार म्हणून त्यांनी स्वतः गाईखाली बसून ताजं धरलं आणि महाराजांसाठी मांडलेल्या खुर्चीभोवती तांब्याभर शिंपडलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सगळी गल्ली हार घेऊन दाराशी. मी हॉलमध्ये आरतीचं ताट घेऊन उभी. चिकू खुर्चीपाशी गेला, हुंगला, आणि पांढऱ्याशुभ्र चादरीवर पाय वर केला.

भाऊंनी दांडा उचलला. पहिला घाव चिकूच्या पाठीवर बसला आणि तो लहान मूल ओरडावं तसा ओरडला. दुसरा डोक्यावरच बसायचा. भाभी त्याच्यावर आडवी पडली आणि हात वर केला. तिचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडते तसा. भाऊ थांबले नाहीत. तिसरा तिच्या खांद्यावर, चौथा पाठीवर. माझ्या हातून ताट पडलं.

महाराज उंबऱ्याशी आले होते. त्यांना पाहून भाऊंनी दांडा टाकला आणि हात जोडले. महाराजांनी विचारलं, "माताजींना काय झालं?"

"पाय सरकना तिना," भाऊ म्हणाले.

भाभी उठून बसली. हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. चिकू तिच्या मांडीत कण्हत होता. तिने महाराजांकडे पाहिलं, मग दारातल्या सगळ्यांकडे.

"पाय सरकना नही," ती म्हणाली. "यासनी मारं. लगीन व्हयनं तैन्हपासून मारतस."

भाऊंनी महाराजांच्या समोर परत हात उगारला. इतकी वर्षं गल्लीने फक्त ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. माझ्या नवऱ्याने, अमृतने, तो हात मनगटात धरला आणि सोडला नाही. भाऊंनी दुसऱ्या हाताने त्याचं नाक फोडलं, तेव्हा आणखी दोघे आत शिरले आणि त्यांना भिंतीशी दाबून धरलं. महाराज आत आलेच नाहीत. त्यांनी आपली गाडी दवाखान्यासाठी दिली. भाभी चिकूला माझ्याकडे दिल्याशिवाय गाडीत बसेना.

चिकू वाचला. मागचा एक पाय ओढतो, पण खातो-पितो. भाभीच्या हातात सळई घातली. तिसऱ्या दिवशी हेमकांत सुरतेहून आला, ओट्यावर बसलेल्या बापाला ओलांडून आत गेला, आईच्या प्लास्टरकडे बघून रडला आणि अगदी समजुतीने म्हणाला, "माय, मी कुत्राले सुरतले ली जास. मंग घरम्हा भांडण नही."

भाभीने चांगल्या हाताने भाकरीचा तुकडा कुसकरला आणि चिकूपुढे ठेवला.

"कुत्रं आठेच ऱ्हाई," ती म्हणाली. "तू तुन्हा बापले ली जाय."