सम नसलेलं गाणं

कॅनडात एडमंटनला आल्यावर माझा तबला बेसमेंटमध्ये गेला तो गेलाच. हीटिंगच्या कोरड्या हवेनं शाई तडकली, आणि साथीला बोलावणारं तरी इथं कोण होतं? युनिव्हर्सिटीत एक बाई जुनी युरोपी गाणी बसवतायत आणि त्यांना लयीचं पक्कं माणूस हवंय असं कळलं, तेव्हा भर बर्फात बस बदलत गेले. पुन्हा चार माणसांत बसून गायला-वाजवायला मिळावं, एवढीच हाव.

गाणी सहाशे वर्षांपूर्वीची, फ्रान्सकडची. गाणारे तिघं. एक तीनच्या हिशेबानं चाललाय, दुसरा दोनच्या, तिसरा मधेच अडखळून मागून येतोय. कागदावर काही सूर लाल शाईत. लाल आले की मोजणी बदलायची. म्हटलं, आड-कुआडच्या तिरक्या लयी घोटलेली बाई मी, मला काय अवघड! गळाही बरा होता, त्यामुळे बाईंनी मला खालचा आवाज दिला. त्या दिवशी घरी येऊन मी चक्क शिरा केला.

आणि पहिल्याच तालमीत माती खाल्ली. गाताना माझा हात मांडीवर टाळी देणार, सम आली की मान हलणार. जन्माची शिस्त ती. पण या गाण्याला समच नाही हो! तिघं आपापल्या वाटेनं जातात आणि भेटतात ते थेट शेवटी. मी मात्र मधेच कुठंतरी सम धरायची, तिच्यावर वजन द्यायची, आणि बाकीचे दोघं बिचारे माझ्या टाळीवर येऊन आदळायचे. सगळी गंमत सपाट.

"हात नको हं," बाई गोड हसून म्हणाल्या. हात कोटाच्या खिशात कोंबला, तर लयच सुटली. माझी, लय! वॉशरूममध्ये जाऊन रडले.

कार्यक्रम तोंडावर आल्यावर बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी नक्की." इथली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. माझ्या जागी दुसरी मुलगी आली.

तरी ऐकायला गेलेच, मेली हौस! लेकीलाही त्या चर्चमध्ये ओढून नेलं. शेवटी ते तिघं एकदाचे एका सुरावर आले आणि माझा हात आपसूक मांडीवर पडला. अगदी बरोब्बर जागेवर. त्या शांत चर्चमध्ये केवढ्यानं वाजला तो! पुढची डोकी वळली. लेकीनं मनगट घट्ट धरलं, "मॉम, प्लीज, डोन्ट."

मी हात खिशात घातला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्यांच्याबरोबर समेवर आले होते, आणि गाणं संपलं होतं.