दाइजोबु

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चौथीपर्यंतचंच, चुकांची माफी असावी. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की ते कुत्र्याचं पिल्लू आठवतं. इथे जपानात, फुनाबोरीला मी ज्या ताईंकडे स्वयंपाक करते, त्यांचा कचरा टाकायला खाली गेले, तर पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात ते कुडकुडत होतं, पाय मोडलेला. ताई म्हणाल्या, “डॉक्टरांचे पैसे मी भरते मावशी, तुमच्या पगारातून कापून घेईन, पण घरात नको हं.” प्लास्टर घालून ते भटक्या जनावरांच्या सरकारी केंद्रात ठेवलं. शेजारच्या जपानी आजी रविवारी त्याला घरी आणणार होत्या. शुक्रवारी केंद्राचा फोन आला तेव्हा घरात मी एकटीच. ‘इनु’, म्हणजे कुत्रा, एवढंच मला कळलं. पलीकडची बाई काहीतरी विचारून थांबली. ठीक आहे म्हणायला मला एकच शब्द येत होता. मी हसून म्हटलं, “दाइजोबु, दाइजोबु!” रविवारी आजी नवा पट्टा घेऊन गेल्या, तर पिल्लू नव्हतं. त्याला कायमचं झोपवायची सुई दिली होती. ताईंनी चौकशी करून सांगितलं, “अहो, ‘अजून ठेवून घेऊ का’ असं विचारलं होतं तिने. त्यावर दाइजोबु म्हणजे ‘नको, राहू दे’ होतं.” आजींनी पट्टा परत पिशवीत घातला. आज पगारातून शेवटचे पैसे कापून ताई म्हणाल्या, “फिटलं हो मावशी सगळं.”